किंग्जफोल्डची चाल आणि मावळातली ओवी

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की चेलाडी फाट्यावर नसरापूरचा रस्ता फुटतो. तोच पुढे विंझर, मार्गासनी करत वेल्ह्याला जातो. एका अंगाला राजगड, समोर तोरणा. नसरापूरच्या बनेश्वर मंदिरात एक घंटा आहे, तिच्यावर क्रूस आहे आणि 1683 हा आकडा आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्यानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या कितीतरी घंटा मराठी मुलखातल्या देवळांत येऊन टांगल्या गेल्या. ही त्यांतलीच एक. जी उपासनेला माणसे बोलवायची ती आता महादेवापुढे वाजते. धातू तोच, नाद तोच.

गाण्याच्या चालीचेही असेच असते, आणि ती तर घंटेपेक्षा सहज प्रवास करते. तिला वाहून न्यायला हत्ती लागत नाही, एक गळा पुरतो. या प्रकरणात अशाच एका चालीचा माग काढायचा आहे. ती इंग्लंडातली आहे, पण तिच्याबरोबर जे घडले तेच त्याच वर्षांत महाराष्ट्रातही घडत होते. म्हणून तिची गोष्ट इथे, मावळात बसून सांगण्यासारखी आहे.

इंग्लंडमध्ये ससेक्स आणि सरे या दोन परगण्यांच्या सीमेवर किंग्जफोल्ड नावाचे छोटे गाव आहे. 1904 मध्ये राल्फ व्हॉन विल्यम्स हा बत्तीस वर्षांचा संगीतकार तिथे वही घेऊन फिरत होता. त्याने एका गावकऱ्याच्या तोंडून एक गाणे ऐकले. गाणे होते मारिया मार्टेनच्या खुनाचे. 1827 मध्ये सफोकमधल्या पोलस्टेड गावी विल्यम कॉर्डर नावाच्या माणसाने मारियाला एका लाल कोठारात मारून पुरले आणि पुढच्या वर्षी तो फासावर गेला. या खटल्याने सारे इंग्लंड हादरले होते. त्यावर कवने रचली गेली, छापील पानांवर विकली गेली, आणि पाऊणशे वर्षांनंतरही खेड्यात माणसे ती गात होती. आपल्याकडे एखाद्या गाजलेल्या खुनावर पोवाडा होतो, तसलाच हा प्रकार.

व्हॉन विल्यम्सला शब्दांत फारसा रस नव्हता. त्याचे कान चालीकडे होते, आणि ती चाल त्याला ओळखीची होती. 1893 मध्ये ल्यूसी ब्रॉडवुड आणि फुलर मेटलंड यांनी इंग्लंडच्या परगण्यांतल्या लोकगीतांचा एक संग्रह काढला होता. त्यात 'डाइव्हज आणि लाझरस' हे जुने कथागीत होते. लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली श्रीमंत मनुष्य आणि त्याच्या दाराशी पडलेला दरिद्री लाझरस यांची गोष्ट लोकांनी आपल्या भाषेत गायिलेली. त्या गाण्याखाली छापलेली चाल आणि किंग्जफोल्डची खुनाची चाल ही एकाच घराण्यातली. हीच चाल आयर्लंडमध्येही नांदत होती. तिथे तिच्यावर काउंटी डाउनमधल्या एका देखण्या मुलीचे प्रेमगीत बसले, ते आजही आयरिश मैफलीत हमखास ऐकू येते. बायबलातला दृष्टांत, खून आणि प्रेम अशी तिन्ही गाणी एकाच चालीच्या अंगावर विसावली होती. पुढे व्हॉन विल्यम्सने लिहून ठेवले की ही चाल पहिल्यांदा भेटली तेव्हाच, आपण हिला जन्मभर ओळखत होतो, फक्त आपल्याला ते ठाऊक नव्हते, असे वाटले.

1904 मध्येच पर्सी डिअर्मर नावाचे एक पाद्री त्याच्याकडे आले होते. नवे उपासना-गीतपुस्तक काढायचे होते, त्याची संगीताची बाजू सांभाळाल का, असे विचारायला. काम दोन महिन्यांचे सांगितले होते, लागली दोन वर्षे. 'इंग्लिश हिम्नल' 1906 मध्ये निघाले. व्हॉन विल्यम्स स्वतः पाद्र्याचा मुलगा, पण श्रद्धावान म्हणावा असा नव्हता. तरी त्याने या कामात जीव ओतला, कारण त्याचे म्हणणे असे की सामान्य माणूस आठवड्यातून एकदा जे संगीत स्वतःच्या तोंडाने गातो ते हलके असता कामा नये. व्हिक्टोरिया राणीच्या काळात चर्चमध्ये गोडगोड, रडवेल्या चालींची भरती झाली होती. त्यांच्या जागी त्याने जुन्या जर्मन, फ्रेंच, स्कॉटिश चाली आणल्या, आणि त्यांच्या जोडीला स्वतः शेतमजुरांकडून टिपून घेतलेल्या.

त्यातच किंग्जफोल्डच्या चालीवर होरेशस बोनार या स्कॉटिश पाद्र्याचे गीत बसवले गेले, येशूची हाक ऐकून त्याच्याकडे गेलेल्या थकल्या जिवाचे. चालीला नाव दिले गावाचे: 'किंग्जफोल्ड'. खुनाच्या गाण्याची चाल चर्चमध्ये आली आणि कोणाला ती विटाळलेली वाटली नाही. मला या सगळ्या कथेत हे सर्वांत मोलाचे वाटते. चालीला स्वतःचे पाप-पुण्य नसते. ती कित्येक पिढ्यांच्या गळ्यांतून घासून, खडबडीत भाग गळून, फक्त गाण्याजोगा गाभा उरलेली वस्तू असते. तिच्यावर गंभीर शब्द ठेवले की ती गंभीर होते.

ती आहे तरी कशी? चार लांब ओळी. पहिली आणि दुसरी ओळ जवळजवळ एकच. तिसरी वर चढते, सबंध चालीतला सर्वांत उंच स्वर तिथे येतो. चौथी पुन्हा पहिलीवर उतरते. ध्रुपद दोनदा म्हणून अंतऱ्याला जावे आणि ध्रुपदावर परत यावे, अशीच ही घडण. गांधार कोमल, निषाद कोमल. इथे थोडे थांबायला हवे. त्या काळचा शिकलेला युरोपीय संगीतकार अशी कोमल गांधाराची रचना करताना षड्जावर येण्याआधी निषाद शुद्ध करून घेई. कानाला तशीच सवय लागली होती. लोकगीत गाणाऱ्या शेतकऱ्याला ही सवय नव्हती. तो कोमल निषादावरूनच षड्जावर येई. चर्चच्या कानांना हे जुनाट आणि अनोळखी वाटे, पण काफी किंवा आसावरीच्या अंगाने गाणारा मराठी माणूस ही चाल ऐकतो तेव्हा त्याला त्यात काहीच परके वाटत नाही. म्हणूनच ज्या इंग्रजी चाली इंग्रजांच्या शहरी कानांना विचित्र वाटत होत्या, त्या आपल्याला अधिक जवळच्या आहेत. व्हॉन विल्यम्सचा जिवलग मित्र गुस्टाव होल्स्ट तर संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांना 1908 ते 1912 या काळात संगीत देत होता. दोघांच्या शोधाची दिशा एकच होती, शहरी युरोपीय संगीताच्या चौकटीबाहेर.

आता महाराष्ट्राकडे येऊ. ज्या 1893 मध्ये लाझरसची चाल छापली गेली त्याच वर्षी चार्ल्स रीव्ह यांनी पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन स्थापन केले. ऑस्ट्रेलियातून आलेले हे मिशनरी शहरात न थांबता खेड्यांत गेले, आणि त्यांचे मुख्य ठाणे झाले ते नसरापूर, तेव्हाच्या भोर संस्थानात. विंझरला जाणारा माणूस ज्या बाजारातून पुढे जातो तिथेच. त्या पिढीतल्या इंग्रजी बोलणाऱ्या मिशनऱ्यांमध्ये सँकी या सुवार्ता-गायकाच्या गीतपुस्तकाची मोठी चलती होती. सोपी, टाळ्यांवर चालणारी, चटकन पाठ होणारी गाणी. त्या चालींवर स्थानिक भाषेतले शब्द बसवणे ही भारतभरच्या मिशनांची नित्याची रीत होती.

त्या रीतीत एक अडचण होती, आणि ती पोटात शिरून पाहण्यासारखी आहे. इंग्रजी उपासना-गीते अक्षरे मोजून रचली जातात. किंग्जफोल्डचे माप आहे आठ, सहा, आठ, सहा, आणि तेच दुप्पट. पुस्तकात चालीच्या डोक्यावर हे आकडे छापलेले असतात, आणि त्या मापाचे कुठलेही गीत त्या मापाच्या कुठल्याही चालीवर गाता येते. ऐकायला हे अगदी आपल्यासारखे वाटते. अभंगही अक्षरे मोजूनच होतो: मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार, छोट्यात आठ आणि आठ. मग अडते कुठे? इंग्रजी ओळीत अक्षरांवर आघात असतात, आणि या मापाच्या ओळीत पहिले अक्षर हलके, दुसरे जोराचे. चालही तशीच सुरू होते: एक हलका स्वर आणि मग ठोक्यावर जोर. त्यावर 'देवा' हा शब्द बसवून पाहा. 'दे' हलक्या स्वरावर घाईत निसटतो आणि सगळा भार 'वा' वर पडतो. मराठी कानाला दीर्घ अक्षर लांब लागते. तेच इथे आखडते, आणि इतर शब्दांत ऱ्हस्व अक्षर ताणले जाते. अर्थ कळतो, पण भाषा लंगडते. अभंगाच्या गायकीत असे होत नाही, कारण तिथे चाल शब्दाला वाट करून देते. एखादे अक्षर दोन मात्रा रेंगाळले तरी टाळ थांबून राहतो, म्हणजे थांबल्यासारखा वाटतो.

ही अडचण ओळखणारे लोक मिशनांतच होते. अहमदनगरला 1831 पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात कृष्णराव सांगळे यांनी 1860 च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नमन, पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंगाची साथ, आणि आख्यान बायबलातले. वारकरी कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात एकही गोष्ट शिकावी लागत नव्हती.

मग आले नारायण वामन टिळक. 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्म, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, 1919 मध्ये मृत्यू. म्हणजे व्हॉन विल्यम्स खेडोपाडी फिरत होता ती वर्षे टिळकांच्या रचनेच्या भराची. टिळकांना चाली गोळा करत फिरावे लागले नाही. त्या त्यांच्या कानात होत्याच. ओवी, अभंग, साकी, दिंडी, पद, ही सगळी घडण त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' भरवला, त्यामागेही हाच आग्रह होता की ख्रिस्ताचा भक्त होण्यासाठी मराठी माणसाने परदेशी होण्याची गरज नाही. 'ख्रिस्तायन' त्यांच्याकडून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे नेले. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे हे काम त्या आत्मचरित्राच्या छायेत झाकले गेले आहे, ते निराळे वाचायला हवे. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात टिळकांच्या गीतांचा वाटा मोठा आहे, आणि आजही एकाच रविवारी एक गीत पेटी-तबल्यावर भजनी ढंगात आणि दुसरे इंग्रजी चालीवर असे दोन्ही गायिले जाते.

टिळकांनी आणि व्हॉन विल्यम्सने एकमेकांचे काम पाहिले होते असे मानायला काही आधार नाही. पण दोघांसमोरचा प्रश्न एकच होता: उपासना कोणाच्या आवाजात करायची? त्या प्रश्नाचे उत्तर दोघांनी एकाच बाजूने दिले. फरक एवढाच की व्हॉन विल्यम्सला शहरातून खेड्यात जाऊन ते शोधावे लागले. त्याने चाल घेतली आणि शब्द मागे ठेवले. टिळकांनी शब्दांसकट सगळा बाज आतून आणला.

आणि या दोघांच्या तीनशे वर्षे आधी एका इंग्रजानेच हे करून ठेवले होते. थॉमस स्टीफन्स, विल्टशायरच्या बुश्टन गावचा, 1579 मध्ये गोव्यात आला. त्याने साष्टीत राहून मराठी आत्मसात केली आणि 1616 मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. त्याला इंग्रजी माप ठाऊक होते, लॅटिन माप ठाऊक होते. तरी त्याने ओवी निवडली. कारण त्याच्यासमोर जे नवे ख्रिस्ती बसले होते त्यांच्या कानांत ज्ञानेश्वरांची ओवी होती आणि घरातल्या बायकांच्या ओठांवर जात्याची. सतराव्या शतकातल्या छापील प्रती पुढे दुर्मीळ झाल्या आणि हस्तलिखितांवरून ग्रंथ जिवंत राहिला. मंगळूरला 1907 मध्ये सलढाणा यांनी तो पुन्हा छापला. 'इंग्लिश हिम्नल' नंतर बरोबर एका वर्षाने.

या चालींचा प्रवास एकाच दिशेने झाला नाही. पुण्यात राहिलेले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांनी टिळकांच्या काही गीतांचे इंग्रजी भाषांतर केले. त्यांतले एक, स्वतःला देवाच्या शाळेत बसायला अपात्र समजणाऱ्या भक्ताचे, इंग्रजी गीतपुस्तकांत गेले आणि सतराव्या शतकातल्या स्कॉटिश स्तोत्र-चालीवर गायिले जाऊ लागले. ज्या भावाला मराठीत अभंगाचे वळण होते त्याला आता आठ-सहाचे माप मिळाले. भाषांतर करताना मॅकनिकल यांना तीच अडचण उलट्या बाजूने सोसावी लागली असणार, आणि तरी ते गीत टिकले, यावरून मूळ रचनेची ताकद कळते.

पुन्हा विंझरच्या रस्त्यावर जाऊ. व्हॉन विल्यम्सची वही ज्या कारणाने निघाली ते कारण मावळातही आले, फक्त ऐंशी वर्षांनी. त्याला 4 डिसेंबर 1903 रोजी एसेक्समधल्या इंग्रेव्ह गावी चार्ल्स पॉटिफर या चौऱ्याहत्तर वर्षांच्या मजुराने गाणे ऐकवले, आणि त्याच्या ध्यानात आले की ही माणसे गेली की गाणी जाणार. मावळात गाणी माणसांबरोबर जायच्या आधीच जात्याबरोबर जाऊ लागली. गावात पिठाची गिरणी आली, पहाटे दोघी जणींनी जात्याच्या खुंट्याला हात घालून दळायचे कारण उरले नाही, आणि ओवीचा रोजचा आधार गेला. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेसमधून 1980 च्या दशकात मुळशी, मावळ, वेल्हे या डोंगरी भागांतल्या बायकांच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. काम पुढे महाराष्ट्रभर पसरले. लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावे. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या काही हजार ध्वनिमुद्रित केल्या, आणि 2017 पासून 'परी' या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या कोणालाही ऐकता येतात.

ओवीची चाल किंग्जफोल्डपेक्षा फार लहान असते. चार-पाच स्वरांत फिरते, क्वचित एखादा वर जातो. जात्याच्या फेऱ्याला जितका वेळ लागतो तितकी तिची ओळ. पण ती किंग्जफोल्डइतकीच उदार आहे. त्याच चालीवर विठ्ठल येतो, माहेर येते, सीतेचा वनवास येतो, दारू पिणारा नवरा येतो, भीमराव आंबेडकर येतात. बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐकताना हे फार स्पष्ट दिसते. ज्या चालीवर आईने पांडुरंगाला आळवले त्याच चालीवर लेकीने बाबासाहेबांना आळवले. चाल बदलावी असे तिला वाटले नाही, कारण चाल तिच्या मालकीची होती. किंग्जफोल्ड गावात खुनाचे गाणे म्हणणाऱ्या माणसाचीही चालीवर तितकीच मालकी होती.

एका बाबतीत मात्र मी ओवी-संग्रहाच्या बाजूने उभा आहे. व्हॉन विल्यम्सने आपल्या वह्यांत गायकांची नावे टिपली: सरेमधल्या फॉरेस्ट ग्रीनचे गार्मन, ससेक्सच्या मिसेस व्हेरल. पण गीतपुस्तकात आले ते फक्त गाव: 'फॉरेस्ट ग्रीन', 'मंक्स गेट', 'किंग्जफोल्ड', आणि खाली 'इंग्रजी पारंपरिक चाल' एवढाच शेरा. गार्मन यांनी गायिलेल्या शेतमजुराच्या गाण्याच्या चालीवर बेथलेहेमचे नाताळगीत इंग्लंडभर गायिले जाते; गाणाऱ्या हजारांपैकी त्यांचे नाव फार थोड्यांना माहीत असेल. उपासनेच्या पुस्तकाची रीतच तशी, असे म्हणता येईल. पण कवीचे नाव छापायला जागा होते, स्वरसंवाद बांधणाऱ्याचे नाव छापायला जागा होते, मग ज्याच्या गळ्यात चाल राहिली त्याच्या नावाला ती का नसावी? जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात प्रत्येक ओवीशी बाईचे नाव, गाव आणि तालुका जोडलेला आहे. मराठी गीतपुस्तकात टिळकांचे नाव छापले जाते तितक्याच हक्काने तिचे छापले गेले आहे. उद्या एखाद्या मराठी संगीतकाराने गुंजवणीच्या खोऱ्यातली चाल उचलून तिच्यावर नवे गीत बसवले, चर्चसाठी असो की देवळासाठी, तर चालीच्या डोक्यावर काय लिहायचे हे शोधायला त्याला कुठे जावे लागणार नाही.